खांबेट्यांनी कोळंबी धुतली

सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या माणसाने कधी कोळंबीला हात लावला नाही, यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं हे, की दत्तप्रसाद खांबेटे यांनी हा नेम एकोणसाठ वर्षं निष्ठेने पाळला आणि साठी तोंडावर आलेली असताना एकदम बारा किलो कोळंबीची टरफलं धुऊन काढली. खाल्लं काहीच नाही, नुसतं धुतलं. खाल्लं असतं तर एवढं बिघडलं नसतं.

खांबेटे गावाबाहेरच्या एका संशोधन संस्थेत तंत्रसहायक होते. एकतीस वर्षं त्यांनी शास्त्रज्ञांची काचेची भांडी धुतली, पंप दुरुस्त केले, नळ्या जोडल्या. त्यांनी धुतलेलं भांडं उजेडात धरलं तर ते हातात आहे की नाही अशी शंका यायची. इतर विभागांतली माणसं गुपचूप येऊन त्यांच्या कपाटातली भांडी पळवायची, आणि खांबेटे वरवर चिडायचे आणि आतून सुखावायचे. घरीही तेच. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर अशी घडी घालायचे, की बायकोला वाटावं आज पेपरच उघडला नाही.

दोन वर्षांपूर्वी डॉ. पायल मेश्राम संस्थेत आली. चंद्रपूरची, वय बत्तीस, नोकरी कंत्राटी. तिला जखम शिवायचा दोरा बनवायचा होता, तोही कोळंबीच्या टरफलापासून. त्या टरफलात जो चिवट पदार्थ असतो तो शरीर हळूहळू पचवून टाकतं, टाके काढायला नकोत, शिवाय जखम भरायला मदत होते. अडचण एवढीच, की हा पदार्थ पाण्यात, तेलात, स्पिरिटमध्ये, कशातच विरघळत नाही. विरघळतो तो आयनिक द्रवात.

"आयनिक द्रव म्हणजे काय हो?" खांबेट्यांच्या पत्नीने, द्वारकाबाईंनी, एकदा विचारलं होतं.

"मीठच ते. फक्त असं मीठ, की भट्टीत न घालताही पाकासारखं पातळ राहतं."

"आमटीत घालता येतं?"

"नाही."

"मग कसलं मीठ!" म्हणून त्या उठल्या होत्या.

पण खांबेट्यांना त्या मिठाने वेड लावलं. टरफलाची पूड त्यात घालून गरम करत ढवळली की आतला पदार्थ अलगद विरघळतो. गाळ बाजूला काढून तो वेगळा करायचा, वाळवायचा, पुन्हा त्याच द्रवात मधासारखा दाट कालवायचा आणि बारीक सुईतून पाण्यात सोडायचा. पाणी ते मीठ ओढून घेतं आणि मागे उरतो दोरा. पहिल्यांदा तो पांढरा तंतू पाण्यात लहरत पुढे सरकलेला पाहिला तेव्हा खांबेट्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. सगळा खेळ एका गोष्टीवर होता. त्या पदार्थाच्या लांबलचक साखळ्या अखंड राहिल्या पाहिजेत. तुटल्या, की दोरा तुटला.

मे महिन्यात रत्नागिरीकडच्या एका कारखान्यातून बारा किलो टरफलांचं पोतं आलं, आणि पायल मामेबहिणीच्या लग्नाला चार दिवस गावी गेली. जाताना म्हणाली, "काका, पोतं उघडून टरफलं फक्त वाळवून ठेवा."

खांबेट्यांनी पोतं उघडलं आणि तीन पावलं मागे गेले. असा वास त्यांच्या नाकाने आजवर घेतला नव्हता. वाळवा म्हणाल्या मॅडम. पण वाळवणं म्हणजे धुऊन वाळवणं. न धुता माणूस वाळवतो तरी काय? खांबेट्यांनी कढत पाणी घेतलं, धुण्याचा सोडा घेतला, ब्लीचिंग पावडर घेतली, आणि एकदा नाही, दोनदा धुतलं. टरफलं मोगऱ्यासारखी पांढरीशुभ्र झाली. वासाचं नाव नाही. खांबेटे स्वतःवर भलतेच खूश झाले.

पायल आली, दोरा काढायला बसली, आणि दोरा वीतभर गेला की तुटे. तिने सुया बदलल्या, पंप बदलला, द्रवाची नवी बाटली फोडली. अशातच एका रुग्णालयाच्या शल्यचिकित्सक, ज्यांच्या शब्दावर हा सगळा प्रकल्प चालला होता, पाहणीला आल्या. त्यांच्या चिमटीत दोरा तुटला. त्यांनी फाइलीत शेरा मारला: कच्च्या मालाची निवड चुकली, जबाबदार डॉ. मेश्राम. एकतीस ऑगस्टला शेवटची संधी. पाचशे मीटर सलग दोरा आणि त्याची गाठ टिकली पाहिजे. नाही तर प्रकल्प बंद, आणि प्रकल्पाबरोबर पायलचं कंत्राटही.

त्यानंतर आठवड्याने पायलने टरफलाचा तुकडा नाकाशी नेला आणि म्हणाली, "काका, याला वास कसा नाही?"

"राहील कसा? दोनदा धुतलंय," खांबेटे अभिमानाने म्हणाले, आणि काय काय घालून धुतलं तेही सविस्तर सांगितलं.

पायल स्टुलावर बसली. तुकडा परत नाकाशी नेला. मग हळूच म्हणाली, "काका, तुम्ही कोळंबी धुतलीत?"

ब्लीचिंगने साखळ्यांचे तुकडे तुकडे झाले होते. हे कळलं तेव्हा खांबेट्यांना वाटलं, हिने ओरडावं, काहीतरी फेकून मारावं. ती म्हणाली, "शेरा आहे तसा राहू द्या. ऑगस्टअखेर तुमची निवृत्ती आहे. तुम्ही स्वच्छ जा."

स्वच्छ! हा शब्द खांबेट्यांना इतका कधी बोचला नव्हता.

जून-जुलै रसायनांच्या दुकानातल्या तयार पुडीवर गेले. तीही तेजाबात उकळलेली, साखळ्या आखूड, गाठ मारली की दोरा कट्‌कन जाई. रत्नागिरीला पावसाळ्यात बोटी बंद, कारखाना बंद. म्हणजे टरफलं आता पुण्यातच शोधायची, आणि तीही लगेच, कारण पुढे उभा होता श्रावण. श्रावणात निम्मं पुणं मासे सोडतं, तो संपला की गणपती. उरली एक अमावस्या. आषाढाची शेवटची, घरोघरी दिवे पुजायची आणि ज्यांना महिनाभर उपास घडणार त्यांनी आदल्या दिवशी मनसोक्त हात मारून घ्यायची. लोक तिला गटारी म्हणतात. खांबेट्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिची वाट पाहिली.

त्या वर्षी ती रविवारी आली. सकाळी सात वाजता खांबेटे दोन पोती आणि कापराची वडी गुंडाळलेला रुमाल घेऊन गणेश पेठेतल्या मासळी बाजारात हजर. चार किलो वाळलेलं टरफल हवं होतं, म्हणजे ओलं सोळा-सतरा किलो. बाजारात तर कोळंबीचे डोंगर होते! खांबेट्यांना त्या वासातही आनंदाचं भरतं आलं. समोर जी मासेवाली दिसली तिच्यापुढे, तिचं नाव हिरा, त्यांनी पोतं पसरलं.

"ताई, टरफलं हवीत."

"आन् मासे?"

"मासे नकोत. मी खात नाही."

हिराने त्यांना खालून वर पाहिलं. "मग साली कशाला? झाडाला घालता व्हय?"

"दोरा करतो."

"दोरा," हिरा म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं वजन करत सांगू लागली, "साहेब, आज गटारी हाय. आज साफ करून द्यायला कुणाला हात हाय? गिऱ्हाईक तशीच घेऊन जातंय. साली समद्या घरोघरी गेल्या बघा."

खांबेट्यांनी रांगांकडे पाहिलं. खरंच की! एरवी या बायका कोळंबी सोलून देतात, आज रांगा इतक्या की सुरीला कोणी हात लावत नव्हतं. डोळ्यांदेखत त्यांचा दोरा पिशव्यापिशव्यांतून हजार स्वयंपाकघरांकडे चालला होता.

तेवढ्यात त्यांना समोरून एक हेल्मेट येताना दिसलं. हेल्मेट घालून, काच खाली ओढून, एक गृहस्थ पायी चालले होते. हातातल्या पिशवीवर "ज्येष्ठ नागरिक संघ, वार्षिक स्नेहसंमेलन" असं छापलेलं, आणि संघाच्या वरून कोळंबीच्या मिशा डोकावत होत्या. ही पिशवी खांबेट्यांनी रोज जिन्यात पाहिली होती.

"आपटे?"

हेल्मेट बोलेना. रंगनाथ आपटे म्हणजे खांबेट्यांच्या इमारतीचे अध्यक्ष. खाली फळ्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरातली सूचना गेली नऊ वर्षं होती: "इमारतीत उग्र वासाचे पदार्थ शिजवू नयेत. उग्र म्हणजे काय हे सर्वांस ठाऊक आहे."

"आपटे, हेल्मेट घालून चालत आलात?"

काच दोन बोटं वर झाली. "माणसाने डोक्याची काळजी घ्यावी. आपण इथे कसे?"

"मला कोळंबीची टरफलं हवी आहेत. नुसती टरफलं."

"खांबेटे, टोमणा मारायचा असेल तर सरळ मारा."

आणि मग त्या सुरमई-पापलेटांच्या मधोमध उभं राहून खांबेट्यांनी सगळं सांगून टाकलं. सोडा, ब्लीचिंग, वीतभर दोरा, मॅडमच्या नावावरचा शेरा, एकतीस तारीख. बायकोलाही सांगितलं नव्हतं ते या हेल्मेटाला सांगितलं. आपट्यांनी हेल्मेट काढलं.

"बिऱ्हाडं चौदा," ते म्हणाले. "अकरा."

"अकरा काय?"

"अकरा खातात."

"तिसऱ्या मजल्यावरच्या, कीर्तनाला जाणाऱ्या काकूसुद्धा?"

"त्या तर खेकडे नेतात. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. मला काचेच्या आतून सगळे दिसतात. चला."

तासाभरात फळ्यावर नवी सूचना उमटली. "आज कोणाकडे काय शिजते याची चौकशी होणार नाही. कोळंबीची टरफले, कच्ची, तेल-हळद न लागलेली, पिशवीत बांधून पहिल्या मजल्यावर खांबेटे यांच्या दाराबाहेरील बादलीत टाकावीत. शस्त्रक्रियेच्या दोऱ्यासाठी हवी आहेत. बेल वाजवू नये. बादलीपाशी कोणी दिसल्यास ओळख दाखवू नये. अध्यक्ष."

घरात द्वारकाबाईंनी चिंचेने घासलेले दिवे पाटावर मांडले होते, कणकेचे दिवे वाफवायला ठेवले होते, आणि दाराबाहेर नवरा निळी बादली ठेवत होता.

"आज दिव्यांची अवस, आणि उंबऱ्याबाहेर हे?"

"जखमा शिवायचा दोरा होणार आहे त्याचा."

"साठीला आलात तरी माझ्याशी खोटं बोलता येत नाही तुम्हाला. काय झालंय?"

खांबेट्यांनी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. द्वारकाबाई ऐकून घेत होत्या. ब्लीचिंगपाशी त्यांनी कपाळावर हात मारला. शेऱ्यापाशी मात्र त्यांचा चेहरा उतरला. "आणि ती पोर तुमच्यासाठी गप्प बसली?" असं म्हणून त्यांनी मोरीतली दुसरी बादली आणून पहिलीशेजारी ठेवली.

दुपारी बारापर्यंत एक पिशवी नाही. साडेबाराला जिन्यात पाऊल वाजलं, थांबलं, बादलीत काहीतरी धप्पकन पडलं आणि पाऊल पळत सुटलं. द्वारकाबाई दाराला कान लावून उभ्या. "चौथा मजला," त्या पुटपुटल्या, "डावी चप्पल घासत चालतात." मग धप्प, मग पुन्हा धप्प. "अगं बाई, कीर्तनवाल्या काकू! पैंजण वाजलं." दीड वाजेपर्यंत द्वारकाबाईंना इतकं हसू फुटायला लागलं की त्यांनी पदर तोंडात कोंबला. दिव्यांच्या आरतीच्या मध्ये धप्प झालं तेव्हा दोघांनाही ओळ आठवेना.

पण वजन केलं तर जेमतेम पाच किलो. अकरा बिऱ्हाडांची कोळंबी ती केवढी असणार? खांबेटे मटकन खाली बसले. मात्र फळ्याचा फोटो कोणीतरी काढला होता, आणि पुण्यात फळ्याच्या फोटोला पाय नाहीत, पंख असतात. तीनला खाली स्कूटर थांबली. मग दुसरी. आपटे फाटकाशी स्टूल टाकून, रस्त्याकडे पाठ करून बसले होते आणि येणाऱ्याला न बघताच सांगत होते, "पहिला मजला, डावीकडे. मी काही पाहिलेलं नाही." मार्केट यार्डाकडून एक गृहस्थ रिक्षाने आले. स्वारगेटहून तीन पोरी आल्या, त्यांनी पिशवीला रिबीन बांधली होती. एका पिशवीवर चिठ्ठी होती: "आमच्या सासूबाईंचे टाके तीनदा पिकले. लवकर करा."

संध्याकाळी पायल आली तेव्हा दाराबाहेर पाच बादल्या, एक पातेलं आणि बाळाचा एक टब होता.

"काका! सदाशिव पेठेत एवढी कोळंबी?"

"हळू बोला मॅडम."

"किती आहे?"

"एकवीस किलो," द्वारकाबाई आतून म्हणाल्या, "आणि नुसत्या पाण्याने धुवायची म्हणे. मी लक्ष ठेवून आहे."

पायल पायरीवर बसली आणि हसत सुटली. मग आपटे हसले, मग वरच्या मजल्यांवरून, दारं न उघडता, कोण कोण हसलं ते आजतागायत कळलेलं नाही.

ऑगस्ट धावपळीत गेला. त्या मिठाला पावसाळी हवेतलं पाणी ओढायची वाईट खोड; पाणी वेळेआधी शिरलं की दोऱ्याआधीच गुठळ्या. खांबेट्यांनी खोलीची फट न फट बंद केली. दोरा चाळीस मीटरवर तुटला. सत्तरवर. तीनशे दहावर तुटला तेव्हा पायलने टेबलावर डोकं टेकलं, आणि खांबेटे तिला म्हणाले, "मॅडम, तीनशे दहा म्हणजे आमच्या इमारतीला साडेतीन वेढे आहेत." त्याने तिला धीर आला की नाही कोण जाणे, पण ती उठली.

एकतीस तारखेला दोन वाजता पंप सुरू झाला. मिनिटाला पाच मीटर. तीन वाजता सभागृहात खांबेट्यांचा निरोप समारंभ होता, आणि पावणेतीनला दोरा दोनशे पंचवीसवर होता. खांबेटे पाण्याच्या टबाशी काचेची कांडी धरून बसलेले. सुईतून येणारा तंतू पहिल्या रुळावर अलगद वळवायचा, मग तो गरम रुळावर वाळून रिळावर चढे. हात काढला तर गेलं.

"काका, तुमचा समारंभ," पायल म्हणाली.

"माझ्यावाचून करा म्हणावं."

समारंभच प्रयोगशाळेत आला. चाळीस माणसं चपला काढून, चवड्यांवर चालत आत शिरली. संचालकांनी भाषण कुजबुजत केलं. मागच्यांना एक शब्द ऐकू आला नाही आणि सगळ्यांनी टाळ्या हवेतल्या हवेत, हात न लावता वाजवल्या. शाल खांद्यावर आली. नारळ कुठे ठेवायचा ते कळेना. टेबलावर ठेवला आणि घरंगळला तर? शेवटी जरीची साडी नेसून आलेल्या द्वारकाबाईंनी तो धरला. चारशे. चारशे साठ. कोणीतरी शिंकणार होतं, त्याला दोघांनी उचलून बाहेर नेलं. चारशे नव्वदला खांबेट्यांच्या कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला. पुसायला हात नव्हता. द्वारकाबाईंनी शालीच्या टोकाने पुसला. पाचशे! पायलने दोन्ही मुठी वर केल्या, आणि तरी कोणी ओरडेना, कारण दोरा अजून येतच होता. पाचशे चौतीस मीटरला दाट पाक संपला, सुई कोरडी झाली, आणि मग जो गलका झाला त्याने खिडकीच्या काचा थरथरल्या.

शल्यचिकित्सक बाई चारला आल्या. त्यांनी दोऱ्याचा चौपदरी पीळ घातला, गाठ मारली, ओढली. पुन्हा ओढली. "टांगायला वजन आहे का?" त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या नजरा द्वारकाबाईंकडे गेल्या. नारळाला दोरा बांधला, गाठ मारली आणि लोखंडी स्टँडला लटकवला. नारळ एकदा गरगर फिरला आणि थांबला. मिनिट झालं. पाच मिनिटं झाली. गाठ सरकली नाही.

"पुढच्या चाचण्यांना माझी संमती," बाई म्हणाल्या आणि फाइल उघडली. "फक्त हा मे महिन्याचा शेरा आहे. निवड चुकली असं मी लिहिलं, आणि माल तर तोच दिसतोय. मग तेव्हा काय बिघडलं होतं?"

पायल घाईने म्हणाली, "त्या वेळचा साठा जरा..."

"साठा उत्तम होता," खांबेटे म्हणाले. एकतीस वर्षांत ते कुठल्याही बैठकीत बोलले नव्हते. त्यांना इतकं हलकं वाटत होतं की आपण आता वर छताला लागू असं वाटून त्यांनी टेबल धरलं. "मॅडमची निवड बरोबर होती. पद्धतही बरोबर होती. त्यांच्या माघारी मी बिघडवलं."

संचालक चपापले. पायल म्हणाली, "काका, राहू द्या ना."

"राहू कसं द्यायचं? तिथे नाव तुमचं आहे."

बाईंनी शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि पेन रोखलं. "मग नेमकं काय लिहू?"

"लिहा," खांबेटे म्हणाले, सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात. "दत्तप्रसाद खांबेटे यांनी कोळंबी धुतली."

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले, वाचून दाखवले आणि खाली सही घेतली. पायल खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. खांबेट्यांना वाटलं ती रडते आहे, आणि ती रडतही होती, पण जास्त करून हसत होती.